आई-बाप शिकलेले नसले तरी पोरांचा अभ्यास घेता येतो. शाळांनी काय करावं?

पालक सभेचा निरोप येतो सकाळी अकराचा. त्या वेळी आई खुरपणीला आणि बाप रोजंदारीवर गेलेला असतो. सभेला पाच-सहा जण येतात आणि 'पालकांना काळजीच नाही' असा शेरा बसतो. खरी अडचण वेगळी आहे. 'आम्हीच शिकलो नाही, पोराचा अभ्यास काय घेणार?' असं अनेकांना वाटतं.

पण अभ्यास घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. शिकवायचं काम गुरुजींचं, बाईंचं. घरच्यांनी रोज पंधरा मिनिटं पोराला जवळ बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावायचा आणि 'पुढं काय झालं?' एवढं विचारायचं. पोरगं अडखळतंय की सरळ वाचतंय, हे अडाणी आईलाही कानानं कळतं. बाजारच्या पैशांचा हिशेब, खताच्या गोणीवरचं वजन वाचणं, हेही गणितच.

तिसरीपर्यंत नीट वाचता आलं नाही, तर पुढं परिसर अभ्यास, विज्ञान सगळंच अवघड जातं. म्हणून पहिली-दुसरीतच लक्ष द्यायला हवं.

शाळांना करता येण्यासारखं

- आठवड्याला घरी करायचं एकच काम सांगावं, तेही सोप्या शब्दांत.
- सभा संध्याकाळी किंवा मजुरीला सुट्टी असलेल्या बाजारच्या दिवशी घ्यावी. वस्ती लांब असेल तर तिथंच जावं.
- व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकुराऐवजी आवाजी निरोप पाठवावा, तोही संध्याकाळी. दिवसभर फोन बापाच्या खिशात असतो.
- कपाटातली गोष्टीची पुस्तकं घरी द्यावीत. फाटतील म्हणून कुलूप लावू नये.
- फक्त तक्रारीसाठी बोलावू नये. पोराला काय जमलं, तेही सांगावं.
- आई-बाप ऊसतोडीला गेले आणि मूल आजीकडं राहिलं, तर आजीलाच पालक समजून सभेला बोलवावं.

पालकांच्या हातातही आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे सभेची वेळ बदला, पुस्तकं घरी द्या, हा विषय पालक स्वतः मांडू शकतात. गावात माता पालक गट असेल तर थोडं शिकलेल्या आईनं शेजारणीला सोबत घ्यावं. याला वेगळा निधी लागत नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घ्यायचा, एवढंच.