वर्गापुढे उभे राहताना

हजेरीचा क्रमांक पुकारला जातो. बाकावरून उठून फळ्यापर्यंत जावयास दहा पावले पुरतात. पण त्या दहा पावलांत आठवडाभर तयार केलेला विषय डोक्यातून जणू पुसला जातो. घशाला कोरड पडते, तळहात ओलावतात, हातातला कागद थरथरू लागतो आणि मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणारे तेच चाळीस चेहरे एकाएकी परके वाटू लागतात. पहिले वाक्य कसेबसे उमटते, दुसऱ्याला बोबडी वळते आणि मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसते. विद्यार्थी खाली बसतो. पुढच्या तासाला सारा वर्ग हे विसरून जातो. तो मात्र विसरत नाही. अशा एका दिवसानंतर महाविद्यालयात, मुलाखतीत, सभेत कायम मागची जागा धरून बसणारी माणसे थोडी नाहीत.

सभाधीटपणा हा उपजत गुण असून तो ज्याच्याजवळ नाही त्याने बोलण्याच्या फंदात पडू नये, असे पुष्कळांना वाटते. या समजाला मोहनदास करमचंद गांधी यांच्या तारुण्यातील हकिगत चांगलेच उत्तर देते. विलायतेत बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असता ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. बैठकीस नेमाने जात, पण तोंड उघडत नसत. एका वादाच्या प्रसंगी त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. ते वाचण्याचाही धीर न झाल्यामुळे दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागले. व्हेंटनर येथे फुलस्केप कागदाच्या जेमतेम एका पानाचे भाषण घेऊन ते उभे राहिले, तोच डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग कापू लागले आणि बरोबर आलेल्या मजमुदारांना ते भाषण वाचावे लागले. मायदेशी परतल्यावर तर धंद्यालाच अडचण आली. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावयास ते उभे राहिले, डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. घेतलेले तीस रुपये परत करून ते कोर्टाबाहेर पडले आणि दक्षिण आफ्रिकेस जाईपर्यंत पुन्हा त्या कोर्टाची पायरी चढले नाहीत. हे सर्व त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत नमूद करून ठेविले आहे.

पुढे १८९३ साली प्रिटोरियात त्यांनी तेथील हिंदी व्यापाऱ्यांपुढे भाषण केले. विषय होता व्यापारातील सचोटीचा. आपल्या आयुष्यातील पहिले जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचाच उल्लेख केला आहे. वर्षा-दोन वर्षांत माणूस निराळा झाला नव्हता. मग बदलले काय? व्हेंटनरला त्यांना स्वतःचे भाषण पार पाडावयाचे होते, प्रिटोरियात श्रोत्यांना काही सांगावयाचे होते. विषय अंगी मुरलेला होता आणि समोरच्या लोकांना त्याची गरज होती. मनाचा रोख स्वतःवरून श्रोत्यांकडे वळला, असे म्हणावयास हरकत नाही. संकोच त्यांना एकदम सोडून गेला, असेही नव्हे; तो पुष्कळ दिवस रेंगाळला. त्याच गांधींनी १९१८ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनाचे आणि १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले.

आता शरीरात नेमके काय घडते ते पाहू. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनलिन नावाचा द्रव रक्तात मिसळतो. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास भरभर चालतो, रक्त स्नायूंकडे धावते, पचनाचे काम मंदावते आणि लाळ आटते. लढण्याची किंवा पळण्याची ही तयारी होय, हे हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास विशद केले. फळ्यापुढे ना लढावयाचे असते ना पळावयाचे, परंतु शरीराला वाघ आणि वर्ग यांतील भेद उमगत नाही. म्हणून ‘घाबरू नकोस, शांत हो’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश बहुधा वाया जातो. धडधडणारे हृदय हुकमासरशी शांत होत नाही. त्या धडधडीला ‘उत्साह’ म्हणणे मात्र जमण्यासारखे असते. हार्वर्डमधीलच अॅलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषणापूर्वी ‘मी उत्साहात आहे’ असे स्वतःशी म्हणणाऱ्यांची भाषणे ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली.

याहूनही उपयोगी शोध दुसराच आहे. बोलणाऱ्याला वाटते की आपली धडधड, आपला घाम, आपला कापरा आवाज साऱ्या वर्गाला स्पष्ट दिसतो आहे. या जाणिवेने भीती दुणावते आणि दुणावलेली भीतीही दिसत असणारच, असे वाटून ती आणखी वाढते. वास्तविक यातले फारच थोडे बाहेर दिसते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात भाषण करणाऱ्यांचे तीन गट पाडले. एकाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला नुसता धीर दिला. तिसऱ्याला मात्र मनातली घालमेल वाटते तितकी ऐकणाऱ्यांना दिसत नाही, ही वस्तुस्थिती समजावून दिली. तिसऱ्या गटाची भाषणे त्यांना स्वतःलाही आणि ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. नुसत्या धीर देण्याने जे साधले नाही, ते एका माहितीने साधले. ही माहिती घराघरांतून मुलांना द्यावी. घरच्या चार माणसांपुढे मुलाला बोलावयास लावून मग ‘तू भ्यालास हे आम्हांला कितपत कळले’ ते सांगितले, तर त्याची खात्री तत्काळ पटेल.

तयारीविषयी एक इशारा द्यावयास हवा. संपूर्ण भाषण घोकून जाणे घातक असते. पाठांतराची साखळी एका कडीपाशी तुटली की पुढचे सारे घरंगळते. आरंभीची दोन वाक्ये मात्र पक्की पाठ असावीत, कारण भीतीचा जोर बहुधा तेथेच सर्वांत जास्त असतो. पुढच्यासाठी चिठ्ठीवर चार-पाच मोठ्या अक्षरांतले शब्द पुरेत. सराव मनातल्या मनात करू नये. उभे राहून, मोठ्याने करावा. उठण्यापूर्वी दोन-तीनदा श्वास सावकाश, घेतला त्याहून लांबवून सोडावा. मध्येच विसर पडला तर आधीचे वाक्य पुन्हा एकदा म्हणावे. तीन क्षणांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याला तो साधा विराम वाटतो.

बडोदे, हैदराबाद किंवा बेळगावकडील मराठी घरांतल्या मुलांची अडचण पुष्कळदा दुहेरी असते. घरात मराठी, वर्गात गुजराती, तेलुगू, कन्नड नाहीतर इंग्रजी. भीतीने आधीच गांगरलेले मन परभाषेतला शब्द शोधू लागले की विषयाचे बोट सुटते. अशा मुलाने विषय प्रथम घरी आजीला मराठीतून समजावून सांगावा. आजीला कळेपर्यंत तो त्याला स्वतःलाही पुरता कळत नाही! नंतर तोच क्रम वर्गाच्या भाषेत घालावा आणि अडणारे शब्द तेवढे चिठ्ठीवर लिहून न्यावेत. उच्चार घरच्या वळणावर गेला म्हणून मध्येच थांबून तो दुरुस्त करीत बसू नये.

उरला प्रश्न शिक्षकांचा. मागच्या बाकावरचे ते हसू त्यांनीच आवरावयाचे असते. बुजऱ्या मुलाला पहिल्याच खेपेस साऱ्या वर्गापुढे उभे करण्याऐवजी आधी बाकावरच्या चौघांना, मग दोन रांगांना आणि मग वर्गाला सांगावयास लावले, तर वेळ थोडा अधिक जातो. भाषण संपताच चुका मोजण्यापूर्वी, त्या मुलाला निश्चित येत असेल असा एखादा प्रश्न शिक्षकांनी विचारावा. उत्तर देता देता त्याचा आवाज नेहमीच्या पट्टीत येतो, आणि जागेवर जाऊन बसताना त्याच्या कानांत त्राग्याचा किंवा हसण्याचा नव्हे, तर स्वतःचा तो आवाज असतो.