वाढत्या अंगाचं

सकाळी साडेनऊ

पुण्यात लक्ष्मी रोडवरची निम्मी दुकानं अजून उघडायची असतात. बाळांच्या कपड्यांच्या माझ्या दुकानाचं शटर वर करून देवाला उदबत्ती लावली की मी आधी काल वाळत घातलेले कपडे दोरीवरून काढते. तिरुपूरहून आलेल्या प्रत्येक नव्या मालातला एकेक नग मी घरी धुतात तसाच धुते. साबण, साधं पाणी, हाताने पिळणं. वाळला की टेप लावते. होजिअरीचं सुती कापड पहिल्या धुण्यात लांबीला आटतंच, प्रश्न फक्त कितीचा असतो. आजचा पायजमा नवा असताना ३२ सेंटिमीटर होता, आता साडेतीस भरला. बाळाच्या एवढ्याशा पायाला दीड सेंटिमीटर ही थोडीथोडकी गोष्ट नाही. खोक्यावर पेन्सिलीने दोन्ही मापं लिहिते. गिऱ्हाइकाला सांगायचं ते धुतल्यानंतरचं माप, कारण बाळ आयुष्यभर धुतलेलाच कपडा घालणार असतं.

साडेदहा

पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आजीच असते. आजच्या आजींना नात झाली आहे, परवा बारसं.

"तीन ते सहा महिन्यांचं दाखवा हो, वाढत्या अंगाचं. उगाच पंधरा दिवसांत आखूड व्हायला नको."

"आजी, वजन किती भरलं जन्माला?"

"पावणेतीन किलो."

मी खोकं उघडण्याआधी हे विचारतेच. कपड्याच्या चिठ्ठीवर महिने छापलेले असतात, पण बाळ काही महिन्यांनी कपडा भरत नाही, लांबीने आणि वजनाने भरतं. तीन ते सहा महिन्यांचा म्हणून येणारा कपडा साधारण सहा ते आठ किलोच्या बाळाचा असतो. पावणेतीन किलोची नात त्यात घातली तर गळा खांद्यावरून उतरतो, आणि ती झोपेत हलली की तोच गळा हनुवटीवर, तोंडावर येतो. पहिल्या आठवड्यात तर बाळाचं वजन जरा उतरतं आणि दहा-पंधरा दिवसांत पुन्हा भरून येतं, म्हणजे बारशाच्या दिवशी ती जन्माला होती तेवढीच असणार.

आजींचा मुद्दा चुकीचा आहे असं मी कधीच म्हणत नाही. वाढत्या अंगाचं घेणं हे शहाणपणच आहे, फक्त कशात वाढतं घ्यायचं आणि कशात नाही हे कळायला हवं. झबलं एक माप मोठं चालतं. दुपटं तर कितीही मोठं चालतं. टोपडं मात्र आज बसेल तेच हवं, नाहीतर ते डोळ्यांवरून नाकावर घसरतं. मोजे, लंगोट आणि रात्री झोपताना घालायचं जे काही असेल ते आजच्याच मापाचं.

मी त्यांना बंदाची झबली दाखवते, अंगरख्यासारखी पुढे एकावर एक येणारी. माझ्या मते तान्ह्या बाळासाठी याहून हुशार कपडा कुणी शिवलेला नाही. बंद आवळून बांधले तर अडीच किलोच्या बाळाला बसतं, सैल सोडले तर पाच किलोपर्यंत चालतं. मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काही ओढावं लागत नाही. आजींनी अशी सहा घेतली आणि बारशाला एक मोतिया रंगाचा फ्रॉक. तो मात्र मी लहानच घ्यायला लावला. फोटोत नातीचे हात दिसायला हवेत.

साडेअकरा

गर्दीची वेळ. या वेळात एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा करून दाखवते. गळ्याच्या दोन्ही खांद्यांवर कापडाची पट्टी एकावर एक आलेली असते, तसला सदरा. लोकांना ती नक्षी वाटते. मी मधोमध दोन हात घालून गळा ताणते आणि आडवा टेप धरते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटरच्या आसपास असतो, तीन महिन्यांत चाळिशीला टेकतो, वर्षाला ४५-४६ होतो. टेपवरच्या मापाची दुप्पट तेवढी भरली पाहिजे आणि सोडल्यावर गळा परत जागेवर आला पाहिजे. मग तोच सदरा मी बाहुलीच्या खांद्यावरून खाली, पायांकडे उतरवून दाखवते. शी पाठीपर्यंत गेली की कपडा डोक्यावरून काढायचा नसतो, असा खाली काढायचा. नव्या आया हे बघून इतक्या खूश होतात की मलाच दिवस चांगला गेल्यासारखा वाटतो.

पाऊण

एक तरुण वडील आत येऊन नुसतेच उभे राहिले. बाळ सात आठवडे आधी झालंय, १ किलो ६०० ग्रॅम, अजून पेटीत आहे. नर्सने टोपी आणि मोजे आणायला सांगितलेत, कारण आता आईच्या छातीशी धरून ठेवणार आहेत. त्या वेळी बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच असतं, म्हणजे त्वचेला त्वचा लागते आणि ऊब मिळते.

या मापाचा तयार माल फार कमी येतो. आमच्या शिवणाऱ्या काकू मऊ होजिअरीच्या टोप्या करून ठेवतात, मुठीत मावतील एवढ्या. त्या मी एका पिशवीत घातल्या आणि आधी घरी धुऊन, कडक वाळवून न्यायला सांगितलं. पुढे घरी आल्यावर घालायला समोरून पूर्ण उघडणारी दोन झबली दिली. आणि एक हिशेब कागदावर लिहून दिला, कारण पुढचे सहा महिने त्यांना दुकानादुकानात वय विचारणार आहेत. सात आठवडे आधी आलेलं बाळ तीन महिन्यांचं झालं तरी कपड्यापुरतं ते जेमतेम दीड महिन्याचंच धरायचं. ते मागे पडलंय असं त्यातून कुणी काढू नये. ते आपल्या तारखेने वाढतंय.

दोन

डबा. काकूंनी आज गवारीची भाजी आणलीय. जेवण झालं की त्या नवे मोजे उलटे करून आतले सुटे धागे कात्रीने कापत बसतात. विकण्याच्या घाईत हे काम कुणाला दिसत नाही, पण आतला एक लांब धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते घरात कुणाला कळत नाही. हातमोज्यांचंही तेच. काकू एकही जोडी उलटी केल्याशिवाय खोक्यात जाऊ देत नाहीत.

दुपारच्या शांत वेळात मी मापांचा तक्ता पुन्हा लिहून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली मुलं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्याकडची दक्षिण दिल्ली. त्यावरून २००६ साली वाढीचे तक्ते निघाले. त्यातली मधली आकडेवारी माझ्या गल्ल्याच्या काचेखाली आहे. मुलगा जन्माला साधारण ५० सेंटिमीटर, तीन महिन्यांनी ६१, सहा महिन्यांनी ६७-६८, वर्षाला ७५-७६. मुली सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने कमी. वर्षभरात जेवढी उंची वाढते त्यातली जवळजवळ निम्मी पहिल्या तीन महिन्यांतच वाढते. म्हणून तान्ह्या बाळाचे डझनभर कपडे एकाच मापात घेऊन ठेवणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते.

चार

डिसेंबर आहे, त्यामुळे काळे कपडे बाहेर मांडलेत. पुढच्या महिन्यात संक्रांत, बोरन्हाणं सुरू होतील. एक आई पाच महिन्यांच्या लेकाला कडेवर घेऊनच आली.

"याला बघा आणि सांगा ताई, कुठलं होईल?"

नुसतं बघून मी सांगत नाही. "साडेतीन महिन्यांच्या डोसला वजन किती होतं? कार्ड आहे जवळ?"

कार्डाचा फोटो फोनमध्ये होता. बाळ गादीवर ठेवलं, आईने एक गुडघा हलकेच सरळ धरला, मी टाळूपासून टाचेपर्यंत दोरा लावला आणि दोऱ्याला टेप. ६५. या वयात महिन्याला साधारण दीड-दोन सेंटिमीटर आणि जवळजवळ अर्धा किलो वाढ धरायची. म्हणजे बोरन्हाणाला ६७ च्या आत-बाहेर. आज अंगाबरोबर बसणारं काळं झबलं तेव्हा काखेत आवळणार. एक माप वरचं दिलं, पण बाहीला काकूंनी आतून टीप मारून दिली. शिवणीत माया आहे, संक्रांतीनंतर उसवली की फेब्रुवारीत पुन्हा चालेल.

त्याच आईला पुढच्या थंडीसाठी स्वेटर आत्ताच घ्यायचा होता. मी नाही दिला. पुण्याची थंडी महाशिवरात्रीपर्यंत संपते. पुढच्या डिसेंबरात हा मुलगा दीड वर्षाचा, चालणारा असेल, आणि तेव्हाचं त्याचं माप आज कुणीच सांगू शकत नाही. कपडा किती वयाचा यापेक्षा तो कुठल्या महिन्यात अंगावर चढणार हे आधी ठरवा, एवढंच माझं मागणं असतं.

जाताना तिने विचारलं की लहान झालेलं कसं ओळखायचं. पावलं झाकलेल्या सूटमध्ये बोटं आत मुडपलेली दिसली तर तो संपला. वरचं माप बरोबर असेल तर पावलं कापून टाका, महिनाभर आणखी जाईल. पायांमधली टिचबटणं लावताना खांदे खाली ओढले जात असतील तर लांबी संपली. मांडीवर इलॅस्टिकचा लाल वळ दिसला तर त्याच दिवशी बदला. आणि कापडी लंगोट वापरत असाल तर वरचा कपडा एक माप मोठाच घ्या, डायपरपेक्षा लंगोटाला जागा जास्त लागते. बाळाला मांड्या फाकवून पाय वर घेता आले पाहिजेत, खुब्यासाठी ते गरजेचं आहे.

सव्वासहा

एक काकू म्युनिकला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्यात. बाळंतविडा इथूनच न्यायचाय, पण बाळ अजून यायचंय. तिकडच्या कपड्यांवर बाळाच्या लांबीचे सेंटिमीटर छापतात, ५०, ५६, ६२, ६८ असे. मला ती पद्धत फार आवडते. ५० चं मी त्यांना एकही दिलं नाही, ५६ ची चार, ६२ ची आठ, ६८ ची चार. तिकडे बाळं रात्री बिनबाह्यांच्या पिशवीत झोपवतात, पांघरूण घालत नाहीत. ती लेकीने तिथेच, बाळ झाल्यावर घ्यावी असं सांगितलं. तिची लांबी जास्त चालते, गळा आणि काख मात्र बाळाला बरोबर हवी, डोकं आत सरकता कामा नये.

बाळंतविड्यातल्या कुंचीच्या गळ्याची नाडी मी काढून दोन टिचबटणं लावून दिली. युरोपात लहान मुलांच्या गळ्याशी नाडी चालतच नाही, आणि आपल्याकडेही चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साडेआठ

गल्ला मोजून झाला, उद्याची ऑर्डर लिहायला घेतली. सगळ्यात लहान माप लोकांना गोड वाटतं म्हणून भराभर उचललं जातं, पण ते बाळाच्या अंगावर तीन-चार आठवडेच असतं. ते कमी मागवलं. ६२ आणि ६८ दुप्पट. खाली एक ओळ जास्तीची लिहिली: चिठ्ठीवर महिन्यांच्या शेजारी सेंटिमीटर आणि किलोही छापून पाठवा. गेल्या ऑर्डरलाही लिहिलं होतं, पुढच्यालाही लिहीन.