चिखलदऱ्याला सायकलनं? आधी टायर वाचा!

दोस्तांनो, सुट्टीत धामणगाव रेल्वेहून थेट चिखलदऱ्यापर्यंत सायकल न्यायचा बेत आहे? मग रंग नि गिअर नंतर. आधी खाली वाकून टायर वाचा. हो, वाचा! त्याच्या कडेला आकडे असतात. गंमत अशी, की '२६ × १ ३/८' आणि '२६ × १.९५' हे दोघंही 'सव्वीस'च, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसतच नाही! पहिल्याला ५९० मिलिमीटरची रिम लागते, दुसऱ्याला ५५९ची. म्हणून दुकानात नुसतं 'सव्वीसचा द्या' म्हणू नका, हा बारीक आकडाही सांगा.

अमरावती, परतवाड्यापर्यंत डांबरी सडक. तिथं जाड दातांचा टायर नुसता घरघरतो नि पाय दमवतो. मधे सपाट आणि कडांना दात असलेला बरा. फार रुंदही नको. पावसात शेतरस्त्याला लागलात, तर आपली काळी माती मडगार्डखाली अशी भरते की चाकच अडतं! बाभळीचा काटा मात्र कुठल्याच टायरला सोडत नाही. जादा ट्यूब नि पंप हवाच.

पुढे घाट. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंच. चढताना फार तर उतरून ढकलाल, पण उतरताना? बहुतेक सायकलींचा ब्रेक रिमवरच घासतो. ओली स्टीलची रिम ब्रेकला दाद देत नाही. अ‍ॅल्युमिनियमची चांगली धरते. आई-बाबा, जास्तीचे पैसे मोजायचेच तर इथं मोजा. स्पोक ढिले असतील किंवा टायरच्या कडेला चीर असेल, तर ती सायकल घाटात नकोच. आणि लांब उतारावर मधेमधे थांबा. रिम चांगलीच तापते, तिला निवू द्या.