टर्बाइनच्या पात्यावरील उष्णतारोधक लेप

आधुनिक जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान 1500 अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. त्यांच्या झोतात फिरणारी पाती मात्र ज्या निकेलप्रधान मिश्रधातूची घडवलेली असतात, तो साधारण 1350 अंशांच्या आतच वितळू लागतो. पात्याच्या पोटातील अरुंद वाटांतून खेळवलेली तुलनेने थंड हवा आणि पृष्ठभागावरील काही दशांश मिलिमीटरचा लेप, या दोहोंच्या आधारावरच हे पाते तग धरते.

या लेपाचा वरचा थर झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनिअमच्या ऑक्साइडचा असतो, कारण त्यातून उष्णता फार सावकाश वाहते. शुद्ध झिर्कोनिया निवताना मात्र त्याची स्फटिकरचना बदलते, तो फुगतो आणि त्याला तडे जातात. म्हणून त्यात यिट्रिया, म्हणजे यिट्रिअमचे ऑक्साइड, मिसळतात. वजनाने 6 ते 8 टक्के यिट्रिया असलेला लेप सर्वांत टिकाऊ ठरतो, हे 1970च्या दशकात ‘नासा’च्या क्लीव्हलँड येथील लुईस केंद्रात स्टीफन स्टेकुरा यांनी दाखवून दिले आणि ते प्रमाण आजही रूढ आहे. पात्यांवर हा थर चढवताना निर्वात कक्षात इलेक्ट्रॉनच्या झोताने झिर्कोनियाची वाफ करतात. ती तापवलेल्या पात्यावर बसते तेव्हा ज्वारीच्या ताटांसारखे उभे, सुटे स्तंभ तयार होतात आणि खालचा धातू अधिक प्रसरण पावला तरी स्तंभांमधल्या फटी तो ताण सामावून घेतात.

तरीही लेपाचे आयुष्य ठरते ते या थरात नव्हे, तर त्याच्या खाली. झिर्कोनियातून ऑक्सिजन सहज आरपार जातो. म्हणून धातूलगत अ‍ॅल्युमिनिअमयुक्त ‘बाँड कोट’ दिलेला असतो आणि त्यातील अ‍ॅल्युमिनिअमपासून अ‍ॅल्युमिनाचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा आपोआप तयार होतो. हा पापुद्राच धातूचे खरे कवच होय. परंतु तो वाढत वाढत काही मायक्रॉनांचा झाला, की साठलेल्या ताणामुळे वरच्या थराचे पोपडे निघू लागतात.

वाळू किंवा ज्वालामुखीची राख इंजिनात शिरल्यास ती सुमारे 1200 अंशांना वितळून स्तंभांच्या फटींत झिरपते, थिजते आणि लेपाची लवचीकता नाहीशी करते. गॅडोलिनिअम झिर्कोनेटचा थर अशा वितळलेल्या राखेशी संयोग पावून तिची वाट रोखतो, म्हणून त्याचा वापर वाढत आहे. लेप झिजला तरी पाते लगेच बाद होत नाही; मूळ धातू शाबूत असल्यास जुना लेप काढून नवा चढवतात आणि तेच पाते पुन्हा इंजिनात बसवतात.