जनित्राची बॅटरी आणि चार्जर : थोडी दक्षता, मोठी सुरक्षितता

रात्री वीज जाते, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात अंधार पसरतो आणि कर्मचारी जनित्राकडे धाव घेतात. यंत्र सुस्थितीत असते, टाकीत डिझेलही असते. पण कळ दाबली असता इंजिन हलत नाही. बॅटरी उतरलेली असते. लाखमोलाचे यंत्र अशा वेळी निरुपयोगी ठरते. याचे कारण बहुधा बॅटरीला जोडलेल्या चार्जरकडे झालेले दुर्लक्ष हे असते.

इंजिन सुरू करण्यासाठी काही क्षण फार मोठा विद्युतप्रवाह लागतो. तो शिसे-आम्ल बॅटरी पुरविते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाब दाखविते. ती वापरात नसतानाही हळूहळू उतरते. म्हणून चार्जर तिला अल्प प्रवाह सतत देत राहतो. यालाच 'फ्लोट' म्हणतात. उतरलेली बॅटरी लवकर भरण्यासाठी 'बूस्ट' ही वेगळी योजना असते.

फ्लोटचा दाब २५ अंश सेल्सिअस तापमानाला साधारणतः १३.५ व्होल्ट, तर २४ व्होल्टच्या संचासाठी २७ व्होल्ट ठेवतात. दाब कमी राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात व बॅटरीची शक्ती घटते. जास्त राहिल्यास पाणी आटते व पट्ट्या झिजतात. उष्णतेत हा दाब कमी हवा. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी दर १० अंशांमागे सुमारे ०.२ व्होल्ट. विदर्भातील उन्हाळ्यात ही बाब विसरता कामा नये. मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडे अंतिम मानावेत.

दाबाची जुळवणी बॅटरी पूर्ण भरल्यानंतरच करावी. बॅटरीच्या अग्रांवर खात्रीचा व्होल्टमीटर लावून स्क्रू थोडाथोडा फिरवावा आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबावे. चार्जरच्या पेटीत २३० व्होल्टचा प्रवाह असल्याने हे काम प्रशिक्षित वीजतंत्र्याकडेच सोपवावे.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून खोली हवेशीर असावी. विडी, काडी, कंदील दूर ठेवावेत. जोडणी करताना चार्जर बंद ठेवून प्रथम धन व नंतर ऋण अग्र जोडावे. काढताना प्रथम वीज बंद करावी, मग ऋण व शेवटी धन अग्र सोडवावे. हातातील अंगठी, कडे आधीच काढून ठेवावे. बुचाच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी कदापि घालू नये. आम्ल डोळ्यांत उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन रुग्णाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

प्रत्येक संस्थेने या कामाची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर निश्चित करावी. दर आठवड्यास जनित्र सुरू करून पाहावे आणि बॅटरीचा दाब व पाण्याची पातळी नोंदवहीत लिहावी. आरोग्य केंद्र असो वा पाणीपुरवठा योजना, नोंदवहीतील ती एक ओळ संकटाच्या रात्री मोलाची ठरेल.