अग्निशामकाचें शिक्षण

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं सुशिक्षित घरांत मुलांच्या पुढच्या वाटेची चर्चा सुरू होते. वैद्यकी, यंत्रशास्त्र, बँक, सरकारी कचेरी अशीं नांवें एकामागून एक निघतात. एखाद्या मुलानें ‘मला अग्निशमन दलांत जावयाचें आहे’ असें म्हटलें, तर वडील मंडळी बहुधा हसून विषय बदलतात. ज्याचे दंड भरलेले आहेत, पण पुस्तकांत ज्याचें मन लागत नाहीं, त्याच्यासाठींच तें काम, अशी समजूत रूढ झालेली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हें एका जिल्ह्याच्या उदाहरणावरून तपासून पाहणें उपयुक्त होईल.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगा त्याच्या मुख्य शहरालगतच वाहते. तरीहि आगीचें भय येथें आहेच. धान कापल्यावर रचून ठेवलेले पुंजणे एका ठिणगीनें भस्म होतात. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि ती आग जंगलांत शिरते. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत २४ जानेवारी २०२५ रोजीं झालेल्या स्फोटांत कामगार प्राणांस मुकले. परंतु ज्या आगीमुळें भंडाऱ्याचें नांव देशभर दुःखानें उच्चारलें गेलें, ती रानांतली नव्हती आणि कारखान्यांतलीहि नव्हती.

९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास, जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या दक्षता विभागांत आग लागली. तेथें सतरा बालकें होतीं. सातांना वांचवितां आलें, दहा गेलीं. त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनीं दिलेल्या माहितीप्रमाणें त्या दहांपैकीं तीन बालकें भाजून आणि सात धुरानें गुदमरून मरण पावलीं. या दोन आंकड्यांत अग्निशमनशास्त्राचा पहिला धडा आहे. ज्वाळा डोळ्यांना दिसते, म्हणून मनुष्य तिला भितो. परंतु बंदिस्त जागेंतील आगींत अधिक प्राण घेतो तो धूर.

याचें कारण रसायनशास्त्रांत सांपडतें. जळणाऱ्या वस्तूला पुरेसा प्राणवायु मिळाला नाहीं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट आसक्तीनें जोडला जातो. त्यामुळें मनुष्य श्वास घेत असतांनाच आंतून गुदमरत जातो. धूर तापलेला असल्यामुळें प्रथम छताकडे चढतो व तेथून खालीं उतरूं लागतो. जमिनीलगतची हवा सर्वांत शेवटीं बिघडते. म्हणूनच धुरानें भरलेल्या खोलींतून रांगत बाहेर पडावें असें शिकवितात. अग्निशामक आंत शिरतो तो पाठीवर हवेचें नळकांडें घेऊन. त्यांतली हवा अर्धा-पाऊण तास पुरते, आणि श्रमानें श्वास वाढला कीं त्याहूनहि लौकर सरते. आंत जावयास किती हवा खर्च झाली व परतावयास किती लागेल, हा हिशेब त्याला अंधारांत, घामाघूम स्थितींत, न चुकतां करावा लागतो. येथें दंडाइतकेंच डोकेंहि लागतें.

आग विझविणें म्हणजे पाणी ओतणें, हाहि असाच एक गैरसमज आहे. आगीला जळण, उष्णता आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकीं एक काढून घेतली कीं ती मरते. पाणी उष्णता शोषून घेतें, म्हणून लांकूड, कापड, तणस यांच्या आगीवर तें उत्तम. पण कढईंतील पेटलेल्या तेलावर तेंच पाणी टाकलें, तर तें तळाशीं जातें, क्षणांत त्याची वाफ होऊन आकारमान सुमारें १,७०० पट वाढतें, आणि जळतें तेल घरभर उडतें. तेथें हवा तोडणारें झांकण किंवा फेंसच हवा. विजेच्या आगींत अगोदर प्रवाह बंद करावा लागतो. जेथें रोग्यांना नळ्यांतून प्राणवायु दिला जातो, तेथें तो पुरवठा कोठून बंद होतो हें ठाऊक नसेल, तर आगीला जणु भातेंच लावल्यासारखें होतें.

कोठें काय सांठविलें आहे याचें ज्ञान नसलें, तर नुसतें धैर्य किती अपुरें पडतें, याची साक्ष मुंबईच्या इतिहासांत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यांत कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाहि होता. बंबवाले जहाजावर पाण्याचा मारा करीत असतांनाच, दुपारीं चारनंतर, तें फुटलें. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांत कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ देशांत दर वर्षीं १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या जवानांत शौर्याची उणीव मुळींच नव्हती. उणीव होती ती धोक्याची वर्दी वेळेवर मिळण्याची.

तेव्हां हा व्यवसाय शिकावयाचा कोठें? विदर्भांतील मुलाला त्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्यें रामपूर येथें निघालें आणि पुढच्याच वर्षीं नागपुरास आलें. बारावीला विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला तेथें अग्नि-अभियांत्रिकीची पदवी घेतां येते. मुलींनाहि ही वाट मोकळी आहे. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनीं २००२ मध्यें या महाविद्यालयांत प्रवेश घेतला व तेथून पदवी मिळविणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला. दुसरी वाट राज्याच्या अग्निशमन सेवेच्या सहा महिन्यांच्या शिक्षणक्रमाची. त्याला दहावीचें शिक्षण चालतें. मात्र वय, उंची, छाती, वजन व दृष्टि यांच्या अटी असतात. मोठ्या शहरांच्या अटी याहून कडक असतात. मुंबईच्या २०२३ च्या भरतींत बारावीपर्यंतचें शिक्षण आणि पुरुषांस १७२ व स्त्रियांस १६२ सेंटिमीटर उंची मागितली होती. अटी वेळोवेळीं बदलतात. म्हणून ताजी जाहिरात स्वतः वाचावी, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबूं नये.

पालकांनीं या नोकरीची दुसरी बाजूहि पाहावी. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें अग्निशमन हा विषय नगरसंस्थांच्या कामांत घातला. त्यामुळें गांवाला आग लागली म्हणजे भंडारा, तुमसर, पवनी अशा जवळच्या नगरपरिषदेच्या बंबाची वाट पाहावी लागते. लहान नगरांत कायम जागा थोड्या निघतात आणि कंत्राटी नेमणुकीवर कांहीं वर्षें काढण्याची तयारी ठेवावी लागते. सण, रात्र, पाऊस यांचा विचार पाळींत होत नाहीं. जोखीम तर वरिष्ठांसहि सुटत नाहीं. मे २०१५ मध्यें मुंबईंत काळबादेवीच्या आगींत दलाच्या प्रमुखासह चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. आणि काम केवळ आगीचें नसतें. विहिरींत पडलेलें जनावर, कोसळलेली भिंत, ऑगस्ट २०२० मध्यें वैनगंगेनें आणला तसा महापूर, या सर्वांना ‘१०१’ हाच क्रमांक लोक फिरवितात.

या व्यवसायाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र बंबाची घंटा वाजण्यापूर्वींचा आहे. महाराष्ट्रांत २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. आगीपासून बचावाचीं साधनें चालू स्थितींत आहेत असें प्रमाणपत्र मोठ्या इमारतींच्या मालकांनीं वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, द्यावयाचें असतें. तें कागदापुरतें आहे कीं खरें आहे, दार बाहेरून कुलुपबंद आहे कीं उघडतें, वायर तापते कीं नाहीं, धुराची सूचना देणारें यंत्र वाजतें कीं नाहीं, हें पाहण्यास शिकलेला, चिकित्सक आणि कोणाच्या भिडेला न बळी पडणारा मनुष्य लागतो. भंडाऱ्याच्या दुर्घटनेनंतर राज्यभर रुग्णालयांची अशी तपासणी करण्याचे हुकूम निघाले. तपासणी दुर्घटनेच्या अगोदर होत असती, तर काय टळलें असतें, हें सांगावयास नको.

म्हणून एखादा मुलगा किंवा मुलगी या मार्गाचें नांव काढील, तेव्हां ‘तूं धीट आहेस काय?’ एवढेंच विचारून थांबूं नये. त्याला रसायनांत गोडी आहे काय, तो हुकूम पाळूं शकतो काय, बारीक गोष्ट त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं ना, आणि कोणी पाहत नसतांना तो आपलें काम नीट करतो काय, हेंहि विचारावें. या प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर त्या मुलाला हंसूं नये. अशा माणसांची गरज प्रत्येक जिल्ह्याला आहे. भंडाऱ्यानें ती दहा बालकांचें मोल देऊन जाणली.