सा सरकतो तेव्हा

जॅझ लावा आणि दोन मिनिटं थांबा. अमरावतीत असा की अकोल्यात, घरातलं कुणीतरी विचारणारच, "काय वाजवून राह्यले हे लोक?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि विचारणाऱ्याचा कान बहुधा चांगला तयार असतो. तो खंजिरीच्या भजनांत रात्री जागलेला असतो, वसंतराव देशपांड्यांच्या तानेला नेमक्या जागी दाद देणारा असतो, नाव ठाऊक नसलं तरी काफीची धून ओळखणारा असतो. मग अशा कानाला जॅझ अडतं कुठे?

अडतं ते सा वर. आपल्या संगीतात तानपुरा सुरू झाला की सा ठरला. गवई तीन तास गायला तरी तो सा तसूभर हलत नाही. बाकीचे सगळे सूर त्याच्याकडे बघून आपापली जागा घेतात. ही सवय आपल्यात इतकी खोल गेलेली आहे की गाणं ऐकताना कान आधी सा शोधतो आणि मगच निर्धास्त होतो. जॅझ ऐकतानाही तो हेच करतो. सा सापडतो, कान टेकतो, आणि तेवढ्यात पायाखालची जमीन निघून जाते!

हे नेमकं कसं घडतं, ते घरच्या पेटीवर करून बघा. भाता दुसऱ्या कुणाला मारायला सांगा, कारण तुम्हाला दोन्ही हात मोकळे हवेत. पांढरी एकचा सा धरा. उजव्या हाताने तार सा दाबा आणि शेवटपर्यंत सोडू नका. डाव्या हाताने सा-ग-प हे तीन सूर एकदम दाबा. वरचा सा कसा वाटतो? घरी आल्यासारखा. आता डावा हात म-ध-सा वर न्या. वरचं बोट जागचं हललेलं नाही, तरी तो सा आता हलका, किंचित अधांतरी वाटतो, कारण म ला सा मानलं तर तो पंचम झाला आहे. मग प-नी-रे दाबा. तोच सा आता नी ला घासतो आणि कुठेतरी निघून जायला बघतो. पट्टी तीच, बोट तेच, आवाज तोच, आणि एका सुराची तीन माणसं झाली!

बडनेरा स्टेशनवर आपली गाडी उभी असावी आणि शेजारच्या रुळावरची हलावी, म्हणजे क्षणभर आपणच निघालो असं वाटतं, तसं हे आहे. सूर उभाच आहे. शेजारचे स्वरसमूह सरकले. सरकत्या स्वरसमूहांची ही ठरलेली वाट हाच जॅझचा पाया.

त्यातली सगळ्यात प्रसिद्ध वाट म्हणजे बारा मापांचं ब्लूज. एका मापात चार मात्रा. पहिली चार मापं सा च्या समूहावर, दोन म च्या, दोन परत सा च्या, मग एक प च्या, एक म च्या, आणि शेवटची दोन पुन्हा सा वर. झालं एक आवर्तन. हे चक्र फिरत राहतं आणि त्यावर वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. उपज अंगाने गाणारा आपला गवई ताल सांभाळतो, राग सांभाळतो आणि सम गाठतो. जॅझवाल्याला यावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आता जो सूर गोड आहे तो दोन सेकंदांनी कसा लागेल, हे त्याला आधीच ऐकू यावं लागतं. हे माणसाला जमतं तरी कसं?

लयीतही एक लबाडी आहे. एका मात्रेत दोन सूर असले की आपण सरळ निम्मेनिम्मे वाटतो. जॅझमध्ये पहिला लांबतो, दुसरा आखडतो; साधारणपणे मात्रेचे तीन भाग केले तर दोन पहिल्याला आणि एक दुसऱ्याला. लय जलद झाली की हा फरक आपोआप कमी होत जातो. कागदावर तो नीट लिहिता येत नाही, तरी साऱ्या वादकांना तो एकाच वेळी कळलेला असतो. त्यात भर म्हणजे टाळी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर देण्याऐवजी दुसऱ्या-चौथ्यावर. सुरुवातीला हात चुकतो. जमलं की अंग आपोआप डोलायला लागतं.

पण जॅझ वऱ्हाडाला खरंच इतकं परकं आहे का? भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, यांचा जन्म 1913 साली अमरावतीत झाला. 1951 च्या 'अलबेला'त हा गिरणी कामगाराचा मुलगा नायकही होता आणि दिग्दर्शकही. संगीत सी. रामचंद्रांचं. आणि त्यांच्या मदतीला होता गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला अँटोनियो झेवियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती. तो अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगला गुरुस्थानी मानायचा. 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. 1935 साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये आला. त्यानंतर गोव्याच्या वादकांनी ही विद्या झपाट्याने उचलली. हॉटेलात जॅझ वाजवणारेच हात सिनेमाच्या स्टुडिओतही वाजवायला लागले, आणि तिथून ते सूर टॉकीजपर्यंत आणि लग्नाच्या बँडपर्यंत पोहोचले. वरातीत त्या ठेक्यावर नाचलेल्या किती जणांना ठाऊक असेल की आपण जॅझचा वारसा नाचतो आहोत?

याहून मोठं नवल पुढे आहे. सी. रामचंद्र नागपूरच्या शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्याच सप्र्यांकडे 1920 साली अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात जन्मलेले वसंतराव देशपांडेही शिकले. गुरू एक. एका शिष्याने हिंदी सिनेमात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन नाचवले. दुसरा लाहोरला असद अली खाँकडून मारवा घेऊन आला. आता मारव्याचं मर्म काय? कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळत सा लांबवत राहायचा, इतका की ऐकणारा कासावीस व्हावा! वसंतरावांचा मारवा ऐकून ज्याने सा ची वाट पाहिली आहे, त्याला हरवलेल्या सा ची हुरहूर नवी नाही. मारव्यात सा लपतो, जॅझमध्ये तो जागा बदलतो. मला या दोन गोष्टी सख्ख्या शेजारच्या वाटतात.

म्हणूनच आपल्या कानासाठी एक दार मला अगदी नेमकं वाटतं. 2 मार्च 1959 रोजी न्यू यॉर्कमध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 'सो व्हॉट' ध्वनिमुद्रित केलं. सततच्या सरकासरकीला कंटाळून त्याने ठरवलं की जमीन जरा स्थिर ठेवू. पेटीवर पांढरी दोनला सा माना आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. काय मिळालं? ग कोमल, नी कोमल. काफी थाट! 'सो व्हॉट'ची पहिली सोळा मापं, म्हणजे जवळजवळ अर्धा मिनिट, याच सुरांवर उभी आहेत. मग आठ मापांसाठी सगळं जसंच्या तसं उचलून काळी दोनवर जातं, आणि पुढची आठ मापं पुन्हा पांढरी दोनवर. बत्तीस मापांत सा फक्त एकदा सरकतो आणि एकदा परततो. तो सरकतो तो क्षण पकडा. आपल्याकडे एखादा गवई मूर्च्छना करून क्षणभर सा बदलल्याचा भास देतो तेव्हा मैफल 'वा' म्हणते. इथे ती गंमत दर आवर्तनात ठरलेली आहे.

त्या ध्वनिमुद्रणात टेनर सॅक्सोफोन वाजवणारा होता जॉन कोल्ट्रेन. दोनच महिन्यांनी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, त्याने 'जायंट स्टेप्स' वाजवलं. ते अगदी उलट टोक आहे. तिथे सोळा मापांच्या आवर्तनात सा तीन ठिकाणांमध्ये गरगर फिरत राहतो, आणि अख्खं आवर्तन तेरा-चौदा सेकंदांत संपतं. साथीला टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक, पण त्याचीही पाळी आली तेव्हा तो अडखळतो. ते तबकडीवर स्वच्छ ऐकू येतं. जे पहिल्यांदा वाजवताना कसलेल्या हातांना दम लागला, ते पहिल्यांदा ऐकताना आपण गोंधळलो तर नवल काय? आणि हाच कोल्ट्रेन भारतीय संगीताने इतका भारला होता की 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं.

आवडीनिवडीचं म्हणाल तर जॅझवाल्यांचंही आपसात कुठे पटतं? चाळीसच्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने चाल वेगवान, गुंतागुंतीची केली तेव्हा खुद्द आर्मस्ट्राँगला ती रुचली नाही, आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. 1959 च्या शेवटी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने न्यू यॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये सरकत्या समूहांची वाटच सोडून दिली. निम्मे श्रोते भारावले, निम्मे चिडले. ज्याला नाच हवा त्याला आर्मस्ट्राँग, ज्याला गणित हवं त्याला पार्कर, ज्याला रेंगाळायचं आहे त्याला माइल्स. माझ्या मते 'अलबेला'वर पोसलेल्या आणि मारव्यावर पोसलेल्या माणसाला एकच तबकडी आवडावी, हा आग्रहच चुकीचा आहे.

तेव्हा आधी 'सो व्हॉट' ऐका आणि सा कधी सरकतो ते बोटाने दाखवा. ते फार संथ वाटलं तर आर्मस्ट्राँगचं 1928 सालचं 'वेस्ट एंड ब्लूज' लावा. तीन मिनिटांचं आहे, बारा मापांच्याच वाटेवरचं आहे, आणि शेवटाकडे आर्मस्ट्राँग एकच उंच सूर जवळजवळ चार मापं नुसता धरून ठेवतो. 'जायंट स्टेप्स' मात्र सगळ्यात शेवटी ऐका.